शिजियाझुआंग : चीन सहलीतला एक वेगळा मुक्काम

बीजिंगच्या सहलीत हे शहर कशाला, असं बुकिंग करताना बरेच जण विचारतात. कारण आहे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. सोलापूरचा हा डॉक्टर १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेला. जपानशी चाललेल्या युद्धात डोंगराळ भागात जखमी सैनिकांवर उपचार करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तो तिथेच गेला. त्याची समाधी इथल्या शहीद स्मारक उद्यानात आहे, शेजारी पुतळाही. चिनी लोक त्याला के दिहुआ म्हणून ओळखतात. इथे आम्ही घाई करत नाही. फुलं आमच्याकडून असतात.

बीजिंगच्या नैर्ऋत्येला पावणेतीनशे किलोमीटरवरचं हे शहर हेबेई प्रांताची राजधानी आहे. बुलेट ट्रेनने साधारण सव्वा तास. पश्चिमेला ताइहांग डोंगर, पूर्वेला गहू-मक्याचं सपाट रान. नावाचा अर्थ 'शी घराण्याची वाडी', आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खरोखर वाडीच होती. बीजिंग-हानकौ रेल्वे आली, मग १९०७ मध्ये डोंगरापलीकडच्या शान्शी प्रांतातल्या ताइयुआनचा फाटा जोडला गेला. तो फाटा मीटरगेज होता! त्यामुळे शान्शीचा कोळसा इथे उतरवून मोठ्या गाडीत भरावा लागे. त्या हमालीवर, वखारींवर गाव वाढलं. मनमाड-भुसावळ पाहिलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

१९५० च्या दशकात कापडगिरण्या आल्या आणि पेनिसिलिनचा मोठा कारखानाही. औषधनिर्मिती आजही इथला मुख्य धंदा आहे. लोकसंख्या एक कोटीच्या वर.

शहर नवं असलं तरी परिसर फार जुना आहे. उत्तरेला झेंगदिंगच्या लोंगशिंग मंदिरात दहाव्या शतकातली वीस मीटरहून उंच कांस्यमूर्ती आहे, करुणेची देवता ग्वानयिन हिची. आग्नेयेला झाओझोउचा दगडी पूल. सुमारे ६०५ मध्ये ली चुन या कारागिराने बांधलेला. एकच कमान, ३७ मीटरची. पुराचं पाणी निघून जावं म्हणून तिच्या खांद्यांवर छोट्या कमानी मोकळ्या सोडल्या आहेत. आमच्या मते हा पूल पाहण्यासाठी अर्धा दिवस द्यायलाच हवा.

हिवाळ्यात पारा शून्याखाली जातो आणि हवाही धुरकट असते, म्हणून शक्यतो ऑक्टोबरची तारीख घ्या. शाकाहारी मंडळींनी बुकिंगच्या वेळीच सांगावं, म्हणजे जेवणाची सोय आधी करता येते.