राज्यसभा आणि विधान परिषद : वहिनींना मत आहे, मला नाही

पुण्याहून वहिनी आल्या की इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरी पोह्यांवर जिरावन मसाला किती घालायचा यावरून वाद होतो. यंदा तो भलतीकडेच गेला. "भाऊजी, तुमच्याकडे पदवीधरची मतदार नोंदणी कधी असते हो?" मी म्हटलं, नसतेच. "अहो, पण तुम्ही पदवीधर आहात ना?" आहे की. पदवी आहे, विधान परिषद नाही. इंदूरात परिषद म्हटली की आम्हाला महापालिकेतली महापौर परिषद आठवते, आणि ती तर वेगळीच गंमत.

घोळ वहिनींचा एकटीचा नाही. टीव्हीवर कुणी ज्येष्ठ सदस्य आरक्षणावर नाहीतर निवडणूक सुधारणांवर बोलत असतात आणि खाली पट्टी फिरते, 'वरिष्ठ सभागृहात चर्चा'. वरिष्ठ कुठलं, दिल्लीचं की मुंबईचं? वरवर दोन्ही जुळ्या बहिणी. मुदत सहा वर्षं, दर दोन वर्षांनी साधारण एक तृतीयांश सदस्य निवृत्त, सभागृह कधी विसर्जित होत नाही, उमेदवाराचं वय किमान 30.

फरक दिसतो तो मत कुणाचं हे पाहिलं की. राज्यसभेच्या 245 जागांपैकी 12 राष्ट्रपती नेमतात. राज्यांतल्या जागांवर तिथले आमदार मत देतात. मध्य प्रदेशच्या वाट्याला 11, महाराष्ट्राच्या 19. आमच्या विधानसभेत 230 आमदार. तीन जागांची निवडणूक असली की 230 ला चाराने भागायचं, साडेसत्तावन येतात, म्हणजे पहिल्या पसंतीची 58 मतं मिळवणारा नक्की निवडून येतो. या हिशेबात मी कुठेच नाही, आणि वहिनीही नाहीत.

विधान परिषदेत मात्र वहिनी आहेत. महाराष्ट्रातल्या 78 जागांपैकी 30 आमदार निवडतात, 22 स्थानिक स्वराज्य संस्था, 7 पदवीधर, 7 शिक्षक, आणि 12 राज्यपाल नेमतात. पुणे पदवीधर मतदारसंघ पुण्यापासून पार सोलापूर-कोल्हापूरपर्यंत पसरलाय. यंत्राचं बटण नाही, कागदी मतपत्रिका. केंद्रावर जांभळं स्केचपेन देतात, त्यानेच नावापुढे 1, 2, 3 असा पसंतीक्रम लिहायचा. आपल्या पेनाने लिहिलं की मत बाद. यादीही दर निवडणुकीला नव्याने होते, म्हणून वहिनींची ती घाई.

आमदार मात्र दोन्हीकडे मत देतात आणि तिथेच एक बारीक मेख आहे. राज्यसभेला 2003 पासून खुलं मतदान. पक्षाच्या आमदाराने मत पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवायचं. परिषदेला गुप्त. 2022 च्या जून महिन्यात महाराष्ट्रात दहा दिवसांच्या अंतराने दोन्ही निवडणुका झाल्या. 20 तारखेच्या परिषद निवडणुकीत मतं फुटली आणि त्याच रात्री एकनाथ शिंदे आमदारांसह सुरतेकडे निघाले. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

आता ताकद. पैशाच्या विधेयकापुढे दोघीही सारख्याच हतबल, 14 दिवसांत परत पाठवायचं, बस. साध्या विधेयकाला राज्यसभा नाही म्हणाली तर संयुक्त बैठक बोलवावी लागते. आजवर ती तीनदाच झाली, 1961, 1978 आणि 2002 मध्ये. अध्यक्षस्थानी लोकसभेचे अध्यक्ष असतात. आमच्या इंदूरच्या सुमित्राताई महाजन 2014 ते 2019 त्या खुर्चीवर होत्या, पण तशी वेळ काही आली नाही. घटनादुरुस्तीला तर संयुक्त बैठकीची पळवाटही नाही. राज्यसभेचं वेगळं दोन तृतीयांश बहुमत हवंच. म्हणून एकत्र निवडणुकांच्या घटनादुरुस्ती विधेयकावर राज्यसभेचा खासदार काय म्हणतो ते मी कान देऊन ऐकतो. महिला आरक्षणाची दुरुस्तीही 2023 च्या सप्टेंबरात राज्यसभेने 214 विरुद्ध शून्य अशी मंजूर केली. ते आरक्षण लोकसभेला आणि विधानसभांना. मंजूर करणाऱ्या राज्यसभेला नाही, परिषदेलाही नाही!

परिषदेचं तसं नाही. विधानसभेचं विधेयक ती पहिल्यांदा तीन महिने आणि दुसऱ्यांदा एक महिना अडवू शकते. मग विधानसभेचंच खरं. उलट विधानसभेने ठराव केला आणि संसदेने कायदा केला की परिषदच बंद. आंध्रात ती 1985 मध्ये गेली, 2007 मध्ये परत आली. 2020 मध्ये तिने तीन राजधान्यांची विधेयकं अडवली, तर आठवड्याभरात विधानसभेने तिलाच मोडीत काढायचा ठराव केला. तो पुढच्या वर्षी मागे घेतला, ही गोष्ट निराळी.

मग परिषद नुसती सोय का? निवडणूक हरलेल्यांची धर्मशाळा असं आमच्या आळीत सर्रास म्हणतात, आणि यादी पाहिली तर अगदीच खोटं नाही. पण वि. स. पागे त्याच सभागृहाचे 1960 ते 1978 सभापती होते. रोजगार हमी योजना त्यांच्या डोक्यातून आली. 1977 मध्ये तिचा महाराष्ट्रात कायदा झाला आणि 2005 मध्ये दिल्लीने देशभरासाठी तसाच कायदा केला. नकाराचा अधिकार नसलेल्या सभागृहातला माणूस एवढं करून गेला.

हे सांगून झाल्यावर मी वहिनींना मोबाइलवर संविधान काढून दाखवलं. 1956 च्या सातव्या दुरुस्तीत, दोन सभागृहं असलेल्या राज्यांच्या यादीत, म्हणजे कलम 168 मध्ये, मध्य प्रदेशचं नाव घालायची तरतूद आहे. लागू कधी करायची ती तारीख राष्ट्रपतींनी जाहीर करायची होती. ती जाहीर झालेली नाही, असं खाली तळटिपेत लिहिलंय.

वहिनींनी तळटीप दोनदा वाचली, चष्मा काढला. "म्हणजे तुमची नोंदणी...?"

"तारीख निघाली की लगेच," मी म्हटलं, आणि जिरावनाची डबी पुढे सरकवली.