‘डोल’ कसा बदनाम झाला

इंग्रजीत ‘वाटप करणे’साठी क्रियापदांची रेलचेल आहे. ‘शेअर’ मुळात कापणं-कातरणं. ‘अलॉट’मधला ‘लॉट’ म्हणजे नशीब ठरवायला टाकायची चिठ्ठी किंवा सोंगटी. सोडतीत घर लागलं की येणारं अलॉटमेंट लेटर त्या अर्थाने अगदी मुळाला धरून आहे. १०६६ मध्ये फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं, त्यानंतर फ्रेंच आली, मागून लॅटिन. ‘डिस्ट्रिब्यूट’, ‘अपोर्शन’, ‘अ‍ॅलोकेट’ ही कचेरीतली मंडळी त्या वाटेने आली.

खरा गुंता ‘डोल’चा, म्हणजे ब्रिटनमध्ये बेकारी भत्त्याला बोलीत म्हणतात त्या शब्दाचा. हा ‘डील’चा सख्खा भाऊ, दोघांचा जुना अर्थ ‘वाटा’. (‘डोलफुल’ म्हणजे दुःखी, त्यातला डोल वेगळा, तो लॅटिन दुःखातून आलेला.) मध्ययुगात डोल म्हणजे गरिबांना वाटलेला दानधर्म, आणि खैरातीचा हा वास शब्दाला चिकटला तो सुटलाच नाही.

ब्रिटनमध्ये १९११ च्या कायद्याने काही धंद्यांतल्या कामगारांचा बेकारी विमा सुरू झाला. कामगार, मालक आणि सरकार तिघेही हप्ता भरत. बेकारीत आठवड्याला ७ शिलिंग मिळत. हा हक्काचा पैसा होता. पण महायुद्ध संपताच, १९१८ च्या नोव्हेंबरात, परतणारे सैनिक आणि बेकार कामगार यांना हप्त्याशिवाय भत्ता द्यायचं ठरलं, आणि सरकारनेच त्याला नाव दिलं ‘डोनेशन’! वृत्तपत्रांनी त्याचा ‘डोल’ केला. पुढे हप्ता भरून मिळणारी रक्कमही लोक डोलच म्हणू लागले. निर्णय गरजेचा होता, नाव मात्र घातकी ठरलं. १९३१ मध्ये पुरुषांचा भत्ता १७ शिलिंगांवरून १५ शिलिंग ३ पेन्सवर आला, आणि विम्याची मुदत संपलेल्यांच्या घरची मिळकत तपासणं सुरू झालं. मुलगा कमावता असेल तर बापाचा भत्ता कापला जाई. स्वतः हप्ते भरलेल्या माणसाने चुलीपर्यंतची झडती द्यायची, आणि वर ऐकायचं काय, तर हा डोलवर जगतो.

‘रेशन’चं नशीब बरं. जानेवारी १९४० मध्ये ब्रिटनमध्ये लोणी, साखर आणि बेकन (खारवलेलं डुकराचं मांस) मोजून मिळू लागलं, ते गरीब-श्रीमंत सगळ्यांनाच. त्यामुळे त्या शब्दात लाज शिरली नाही. तिथलं रेशनिंग १९५४ मध्ये संपलं. मुंबईत १९४३ मध्ये आलेलं रेशन मात्र मुक्कामालाच राहिलं. सरकारी कागदावर ‘शिधापत्रिका’ असली तरी दुकानाच्या रांगेत सगळे रेशनकार्डच म्हणतात.