प्लग बसला म्हणजे चित्र येईलच असं नाही

जुन्या संगणकांचा नाद असलेल्यांमध्ये एक समज अनेक वर्षं फिरतोय: योग्य अडॅप्टर मिळाला की कुठलाही जुना मॉनिटर कुठल्याही जुन्या मशीनला चालतो. हे खरं नाही. साधा अडॅप्टर फक्त पिना जुळवतो, सिग्नल आहे तसाच राहतो.

खरा प्रश्न आडव्या स्कॅनच्या वेगाचा, म्हणजे सेकंदाला किती आडव्या रेषा काढल्या जातात याचा. कमोडोरचा घरगुती संगणक अमिगा ५०० आपलं नेहमीचं चित्र साधारण १५.७ किलोहर्ट्झवर पाठवतो. १९८७ मध्ये आलेल्या व्हीजीए या आयबीएमच्या चित्र-मानकाचा वेग ३१.५ किलोहर्ट्झ, म्हणजे दुप्पट. त्यामुळे बहुतेक व्हीजीए मॉनिटरवर अमिगाचं चित्र येत नाही किंवा फाटकंतुटकं येतं. मध्ये स्कॅन डबलर, म्हणजे हा वेग दुप्पट करणारं उपकरण, लावलं तर काम होतं. काही एलसीडी १५ किलोहर्ट्झही स्वीकारतात, पण ते नशिबावर सोडू नका, माहितीपुस्तिका बघा.

नऊ पिनांचा प्लग तर आणखी फसवा. एमडीए, सीजीए आणि ईजीए ही आयबीएमची व्हीजीएआधीची चित्र-मानकं, तिन्हींना तोच. पण एमडीए १८.४ किलोहर्ट्झवर चालतो, सीजीए १५.७ वर. आयबीएमच्या ५१५१ या हिरव्या पडद्याच्या मॉनिटरला स्वतःचा आडवा ऑसिलेटरच (रेषांची लय ठरवणारं सर्किट) नाही, तो पूर्णपणे संगणकातल्या चित्र-कार्डाच्या सिंकवर, म्हणजे वेळ जुळवणाऱ्या सिग्नलवर, अवलंबून. चुकीचा सिग्नल दिला तर तो जळूही शकतो. अशा मॉनिटरवर ‘लावून तर बघू’ हा प्रयोग नकोच.

वेग जुळला तरी सीजीएचे रंग डिजिटल असतात, अमिगाचे ॲनालॉग. कमोडोर १०८४ या मॉनिटरच्या बऱ्याच आवृत्त्या दोन्ही घेतात. म्हणूनच त्याला एवढी मागणी.