घरगुती लिथियम बॅटरी संच, खानदेशातील

वीज गेल्यावर घरातील ठरावीक उपकरणे चालू ठेवण्यासाठी लिथियम बॅटरी, इन्व्हर्टर व संरक्षक जोडणी यांची हिशेबाने केलेली रचना. जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत भारनियमनाने इन्व्हर्टर घरोघरी पोहोचवला. लिथियम बॅटरी बहुधा जुन्या शिसे–आम्ल बॅटरीच्या जागी बसते आणि जुन्या सवयीही तिला चिकटतात.

घरगुती संचात सामान्यतः लिथियम–लोह–फॉस्फेट हे रसायन असते. त्याच्या जनकत्वाबद्दल मतभेद आहेत. जॉन गुडइनफ व अक्षय पाढी यांच्या टेक्सस विद्यापीठातील गटाचा शोधनिबंध १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. तथापि १९९० च्या दशकाच्या मध्यास जपानच्या निप्पॉन टेलिग्राफ अँड टेलिफोन कंपनीनेही या पदार्थासाठी पेटंट मागितले होते. तिचा एक संशोधक त्याआधी गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत काम करून गेला होता. प्रकरण न्यायालयात गेले व २००८ मध्ये तडजोडीने मिटले. प्रसिद्ध संशोधनाचा क्रम पाहता टेक्ससचे श्रेय अधिक ग्राह्य वाटते. मात्र मूळ पदार्थ विजेचा मंद वाहक होता. कणांवर कार्बनचा पातळ थर देण्याची रीत साधारण विसाव्या शतकाच्या अखेरीस, मुख्यतः कॅनडातील संशोधकांमुळे, पुढे आली आणि तेव्हाच तो व्यवहारात उतरू शकला. फॉस्फेटात ऑक्सिजन घट्ट बांधलेला असल्याने कोबाल्ट व निकेलयुक्त प्रकारांपेक्षा हा तापल्यावर अधिक स्थिर राहतो. मे महिन्यात ४५° से.च्या वर जाणाऱ्या भुसावळ–जळगाव पट्ट्यात या गुणाचे मोल मोठे आहे.

स्थिर असला तरी तो उष्णतेला अभेद्य नाही. पूर्ण भरलेली बॅटरी सतत गरम जागी राहिली की तिची क्षमता लवकर घटते. म्हणून खानदेशात बॅटरी किती मोठी घ्यावी याच्या आधी ती कुठे ठेवावी हे ठरवणे इष्ट. पत्र्याच्या खोलीत किंवा गच्चीवरच्या जिन्याच्या टपात ती ठेवू नये. जुन्या धाब्याच्या घरात मातीच्या छताखालची आतली हवेशीर खोली उत्तम. गोठणबिंदूखाली चार्जिंग निषिद्ध असते, पण धुळ्याच्या कडक थंडीतही घरात तशी वेळ येत नाही.

क्षमतेचा हिशेब वॉट-तासांत करतात. दोन पंखे १५०, चार एलईडी दिवे ३६, राउटर १० व कूलर १८० मिळून ३७६ वॉट होतात. चार तासांना १,५०४ वॉट-तास. इन्व्हर्टरची कार्यक्षमता ८५ टक्के व बॅटरीचा वापर ८० टक्क्यांपर्यंत धरल्यास सुमारे २,२१० वॉट-तास लागतात. ३.२ व्होल्टचे आठ सेल ओळीने जोडलेला २५.६ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाचा संच (२,५६० वॉट-तास) त्याला पुरतो. शिसे–आम्ल बॅटरी निम्म्यापर्यंतच वापरावी या नियमाने एवढ्यासाठी १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाच्या दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या लागतात. बोअरची मोटर या हिशेबात धरू नये; सुरू होताना ती नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते.

प्रत्येक सेलचे व्होल्टेज व बॅटरीचे तापमान बीएमएस (बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम) हे बॅटरीतील रक्षक विद्युत मंडल पाहते आणि मर्यादा ओलांडल्यास बॅटरी तोडते. त्याच्या भरवशावर जुन्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर (शिसे–आम्ल) बॅटरीसाठीची सेटिंग तशीच ठेवणे गैर आहे. चार्जिंगची मर्यादा प्रतिसेल ३.६ व्होल्टच्या आसपास, बॅटरीच्या निर्मात्याने दिल्याप्रमाणे, लावून घ्यावी. बॅटरीच्या धन टोकाजवळ डीसी फ्यूज हवाच.

संचाच्या संरक्षक जोडणीत अर्थिंगही येते. तापीकाठच्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात. मातीची अर्थिंगच्या पुरलेल्या इलेक्ट्रोडवरची पकड सुटते आणि पावसाळ्यात चांगले ठरलेले अर्थिंग मे महिन्यात कमकुवत होते. अर्थिंगची भारतीय मानक संहिता आयएस ३०४३ आहे. खड्ड्यात पाणी घालणे व रोध कडक उन्हाळ्यात मोजून घेणे आवश्यक.

छतावरचे साधे ऑन-ग्रिड (वीजवाहिनीशी जोडलेले, बॅटरीविना) सौर पॅनेल वीज जाताच सुरक्षेसाठी बंद होते, अगदी भर उन्हातही. पॅनेल आणि बॅटरी एकत्र वापरायची असल्यास सहसा हायब्रिड (पॅनेल, बॅटरी व वीजवाहिनी तिन्ही सांभाळणारा) इन्व्हर्टर लागतो.