ओपन-वर्ल्ड खेळ आणि प्रोसेसर अपग्रेड

पीसीमधला जुना प्रोसेसर काढून नवा बसवल्यावर ओपन-वर्ल्ड, म्हणजे मोठ्या जगात हवे तिकडे फिरू देणाऱ्या, खेळांच्या गतीत पडणारा फरक. हा फरक सरासरी फ्रेमरेटपेक्षा (फ्रेमरेट म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रे) खेळ मध्येच अडखळण्यात (स्टटर) जास्त जाणवतो. ग्राफिक्स कार्ड आधीच पूर्ण ताणलेले असेल, तर तो जवळपास दिसतच नाही.

पडद्यावरचे पिक्सेल रंगवणे हे ग्राफिक्स कार्डाचे काम. काय रंगवायचे, ते प्रोसेसर ठरवतो. दिवाळीच्या आदल्या रविवारचा लक्ष्मी रस्ता खेळात उभा करायचा म्हटले, तर प्रत्येक माणूस कुठे वळणार, कोणती स्कूटर कुणाला चुकवणार, पिशवी पडली तर कशी घरंगळणार, हा सगळा हिशेब प्रोसेसरकडे येतो. वर प्रत्येक वस्तू रंगवण्याचा हुकूम (ड्रॉ कॉल) कार्डाला द्यायचा तोही त्यानेच. खेळाडू गाडी दामटत निघाला की पुढचा भाग डिस्कवरून उचलून उलगडत न्यावा लागतो, आणि त्यातले बरेचसे ओझेही प्रोसेसरवरच पडते. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील, तर प्रत्येक फ्रेमसाठी मिळतात फक्त १६.७ मिलिसेकंद. एखाद्या फ्रेमला ५० लागले की हात अडकल्यासारखा वाटतो, मग सरासरी कितीही चांगली असो. म्हणून जाणकार सरासरीबरोबर ‘वन पर्सेंट लो’, म्हणजे सर्वांत संथ एक टक्का फ्रेमचा वेग, बघतात. अपग्रेड फळले की नाही, ते त्या आकड्यावर कळते.

नुसते कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग) वाढवून भागत नाही. खेळाचा मुख्य धागा (मेन थ्रेड) बहुधा एकाच कोअरवर चालतो आणि बाकीचे त्याच्यासाठी थांबतात. त्यामुळे एका कोअरचा वेग आधी, संख्या नंतर. तरीही चार कोअर आणि चारच थ्रेडचे (एका वेळी चारच धागे चालवणारे) प्रोसेसर आता मागे पडले आहेत. याचे एक कारण कन्सोलमध्ये आहे. २०१३च्या प्लेस्टेशन ४ मध्ये १.६ गिगाहर्ट्झचे एएमडी कंपनीचे आठ अशक्त जॅग्वार कोअर होते, आणि खेळ तेवढ्यात बसवले जात. २०२०च्या प्लेस्टेशन ५ मध्ये आठ खूप वेगवान झेन २ कोअर आले आणि ती मर्यादा सुटली. सायबरपंक २०७७च्या सप्टेंबर २०२३ मधल्या २.० आवृत्तीने प्रोसेसरची गरज वाढवली. मार्च २०२४ मध्ये आलेला ड्रॅगन्स डॉग्मा २ हा खेळ शहरात शिरताच मंदावे, कारण तिथल्या पात्रांचा भार प्रोसेसरवर पडे.

कॅशेचा (प्रोसेसरमधल्या छोट्या, वेगवान स्मृतीचा) परिणाम तर अनेकांना चकित करून गेला. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या एएमडीच्या रायझन ७ ५८००एक्स३डी प्रोसेसरमध्ये ९६ मेगाबाइट एल३ कॅशे होती. साध्या ५८००एक्समध्ये ३२. घड्याळाचा वेग कमी असूनही अनेक खेळांत एक्स३डी पुढे निघाला, कारण विखुरलेली माहिती आणायला रॅमपर्यंत हेलपाटे कमी झाले. एएम४ सॉकेटचे (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसण्याची जागा) जुने मदरबोर्ड असणाऱ्यांना ही पर्वणीच होती: बायोस (मदरबोर्डवरचे मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केला की बऱ्याच बोर्डांवर पहिल्या पिढीच्या रायझनच्या जागी हा बसतो. एएम५ या नव्या सॉकेटवर जायचे तर मदरबोर्ड बदला आणि डीडीआर५ रॅमही घ्या.

असॅसिन्स क्रीड आणि फार क्राय काढणाऱ्या यूबीसॉफ्टचा स्टुडिओ २००८ पासून पुण्यात आहे. पण शहरातल्या विद्यार्थ्यांचा प्रश्न बहुधा कंपनीतून निघालेल्या सेकंडहँड ऑफिस पीसीचा असतो. त्यात चौथ्या पिढीचा कोअर आय५-४५९० आणि रॅमची एकच पट्टी, वर नवे ग्राफिक्स कार्ड खुपसलेले. त्यावर खेळ ‘लॅग मारतो’ म्हटले की दुकानदार अजून मोठे कार्ड सुचवतो. त्याआधी एक चाचणी फुकटात होते. गजबजलेल्या चौकात उभे राहून रिझोल्यूशन १०८०पी वरून ७२०पी वर आणावे. फ्रेमरेट ४६चा ७० झाला, तर अडचण कार्डाची. ४६चा ४८ झाला आणि कार्डाचा वापर साठ टक्क्यांवर रेंगाळला, तर प्रोसेसरची. दुसऱ्या प्रसंगी गर्दीची सेटिंग उतरवून पाहावी. मग रॅमची दुसरी पट्टी टाकून ड्युअल चॅनेल (दोन्ही पट्ट्या एकाच वेळी वापरात) करावे आणि त्याच सॉकेटमध्ये बसणारा आय७-४७९० (चार कोअर, आठ थ्रेड) शोधावा. माझ्या मते अशा पीसीवर यापुढे खर्च करू नये. मदरबोर्डसह सगळेच बदलणे शहाणपणाचे.

काही अडथळे प्रोसेसर बदलूनही पूर्ण जात नाहीत. नवे दृश्य पहिल्यांदा येताना शेडर (रंग-प्रकाश ठरवणारे छोटे प्रोग्राम) कंपाइल होतात, त्याचा झटका बराचसा खेळाच्या बांधणीतला असतो. कमी रिझोल्यूशनचे चित्र मोठे करणारे डीएलएसएससारखे तंत्र कार्डाचा भार हलका करते, पण प्रोसेसरचा नाही, त्यामुळे ते चालू केल्यावर प्रोसेसरची मर्यादा उघडी पडते. रे ट्रेसिंगने (प्रकाशकिरणांच्या हिशेबाने) तर दोघांचेही काम वाढते. फ्रेम जनरेशनने (मधल्या फ्रेम कार्डानेच तयार केल्याने) आकडा फुगतो, पण माउसचा प्रतिसाद त्या प्रमाणात सुधारत नाही.

उरला उन्हाळा. पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. खोली दहा अंशांनी तापली की प्रोसेसरही साधारण तेवढाच तापतो, आणि ९० ते १०० अंशांच्या आसपास तो स्वतःचा वेग कमी करतो. नव्या प्रोसेसरवर जुना छोटा कूलर आणि वाळलेली थर्मल पेस्ट तशीच ठेवली, तर एसी दुकानात दाखवलेले आकडे दुपारी तीनला पत्र्याखालच्या खोलीत मिळत नाहीत.