अंगात आलंय की तोतया बसलाय? स्टार ट्रेकमधला नेहमीचा गोंधळ

परवा आमच्या फॅमिली ग्रुपवर मावसभावाच्या नावाने "अर्जंट वीस हजार पाठव" असा मेसेज आला आणि लगेच दोन पार्ट्या पडल्या, एक म्हणे फेक अकाउंट आहे ब्लॉक करा, दुसरी म्हणे अहो नंबर त्याचाच आहे, हॅक झालाय, ब्लॉक कसला करता. मला मात्र स्टार ट्रेक (अंतराळजहाजांवरच्या अमेरिकन सायफाय मालिका) आठवलं, कारण तिथले फॅनसुद्धा अगदी हीच गल्लत करतात. एलियन क्रूमधल्या कुणाच्या शरीरात घुसतो तो एक प्रकार आणि एलियन क्रूमधल्या कुणाचं रूप घेऊन फिरतो तो दुसरा. वरून बघाल तर दोन्हीत कॅप्टन जरा विचित्र वागायला लागतो आणि सगळे एकमेकांकडे संशयाने बघतात, पण सिक्युरिटीने करायचं काम जवळजवळ उलटं असतं.

आपल्याकडे दोन्हीला शब्द आधीपासून आहेत खरंतर. पहिलं म्हणजे अंगात येणं, शरीर तेच पण बोलणारा वेगळा. दुसरं म्हणजे तोतया, पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा उभा राहिला तसा, माणूसच दुसरा.

आधी तोतया घेऊ, तो सोपा वाटतो म्हणून. डीप स्पेस नाइन या स्टार ट्रेक मालिकेतले चेंजलिंग नावाचे एलियन कुणाचंही रूप घेतात, पण त्यांच्या शरीरातून काही वेगळं काढलं की ते परत मूळच्या चिकट द्रवात जातं. म्हणून मग ब्लड टेस्ट, आणि रिकाम्या दिसणाऱ्या खोलीत फेझरचा (किरणांच्या बंदुकीचा) झाडू मारायचा, खुर्ची बनून कुणी बसला असेल तर उघडा पडेल. शरीरच खोटं आहे म्हटल्यावर शरीर तपासायचं, साधा हिशोब. आणि सापडला तर गोळी घालायला हात कचरत नाही, कारण खरा माणूस दुसरीकडे कुठेतरी असतो (जिवंत असला तर).

आता ही टेस्ट किती पोकळ होती ते त्याच मालिकेनं दाखवलंय आणि ते मला फार आवडतं. १९९६ च्या 'होमफ्रंट' या भागात मालिकेच्या नायकाचे, कॅप्टन सिस्कोचे वडील, न्यू ऑर्लीन्समध्ये रेस्टॉरंट चालवणारे, ब्लड टेस्ट द्यायला साफ नकार देतात. नंतर भाजी चिरताना त्यांचं बोट कापतं आणि मुलगा त्यांच्या बोटाकडे नाही, सुरीवरच्या रक्ताकडे टक लावून बघत बसतो, की हे रक्तच राहतंय का! बाप भडकतो, आणि भडकून जे बोलतो ते सगळ्या सिक्युरिटीवाल्यांनी ऐकायला हवं होतं: एखाद्या हुशार चेंजलिंगने दुसऱ्याचं रक्त स्वतःत साठवून ठेवलं आणि टेस्टच्या वेळी तेच बाहेर काढलं तर? क्लिंगॉन या लढाऊ एलियन जमातीचा जनरल मार्टोक स्वतःचा तळहात कापून रक्त दाखवायचा, आणि पुढे तोच तोतया निघाला. सिस्कोच्याच क्रूमधल्या डॉक्टर बशीरच्या जागी तर महिनाभरावर खोटा बशीर वावरत होता आणि कुणाला पत्ता नाही, जो डॉक्टर इतरांची तपासणी करणार तोच नकली.

तरी तोतयाच्या बाबतीत निदान तपासायला काहीतरी आहे. अंगात आलेल्याचं काय तपासणार? रक्त खरं, आवाज खरा, बोटांचे ठसे खरे, कोड त्याला पाठ. हॅक झालेल्या अकाउंटवरून मेसेज आला की नंबर बरोबरच दिसणार ना, तसं.

आणि गोळी घालता येत नाही, हा दुसरा वांधा. नेक्स्ट जनरेशन या मालिकेतल्या १९९२ च्या 'पॉवर प्ले'मध्ये क्रूमधल्या ट्रॉय, डेटा आणि ओब्रायन या तिघांचा ताबा घेतला जातो आणि ते टेन फॉरवर्डमध्ये, म्हणजे जहाजावरच्या बारमध्ये, लोकांना ओलीस धरतात, त्यात ओब्रायनची स्वतःची बायको आणि तान्ही मुलगी. म्हणजे ओलीसही आपले आणि ओलीस धरणारेही आपलेच. शेवटी कॅप्टन पिकार्ड त्या तिघांना, स्वतःसकट, कार्गो बेमध्ये (मालाच्या कोठारात) आणतो आणि बाहेरचं दार अवकाशात उघडून टाकीन म्हणतो. ही काही प्रोसिजर नव्हे, ही पैज आहे. त्या तिघांबरोबर गेलेला रायकर मात्र वाचला होता, का तर त्याचा हात मोडला होता आणि वेदनेमुळे त्या जीवांना त्याच्यात शिरता आलं नाही.

डॉक्टरला कॅप्टनला बाजूला करायचा अधिकार आहे म्हणाल तर आहे, पण त्याच मालिकेच्या १९८७ च्या 'लोनली अमंग अस'मध्ये एक ऊर्जाजीव क्रूमधल्या वॉर्फमधून थेट जहाजाच्या डॉक्टर क्रशरमध्येच शिरतो आणि मग कॉम्प्युटरमार्गे पिकार्डमध्ये. घ्या आता सर्टिफिकेट!

त्यामुळे झपाटलेला कोण हे शोधत बसण्यापेक्षा कुणा एकाच्या हातात पूर्ण जहाज राहणारच नाही असं बघायचं, हे मला जास्त पटतं, आणि व्हॉयेजर या मालिकेतली कॅप्टन जेनवे १९९५ च्या 'कॅथेक्सिस'मध्ये नेमकं तेच करते. कुणाच्या अंगात काय शिरलंय कळत नाही म्हटल्यावर ती आधी कमांड कोड (जहाजाचा ताबा देणारे कोड) होलोग्राम डॉक्टरकडे देते, शरीरच नाही तर शिरणार कुठे. तो बंद पडल्यावर ती कोड दोघांत वाटते, अर्धा स्वतःकडे, अर्धा सिक्युरिटी चीफ टुव्हॉककडे. आयडिया एकदम बरोबर, फक्त एलियन टुव्हॉकमध्येच बसलेला होता, म्हणजे चोराच्याच हातात अर्धी किल्ली. पण अर्धीच, त्यामुळे शेवटी त्याला ब्रिजवर उघडपणे फेझर काढावा लागला.

आणि ज्यांना सगळे झपाटलेले समजत होते, जहाजाची दिशा गुपचूप बदलणारा पॅरिस आणि वॉर्प कोअर, म्हणजे जहाजाचं इंजिन, बंद करणारी टॉरेस, ते झपाटलेले होतेच, पण त्यांच्या अंगात आला होता त्यांचाच फर्स्ट ऑफिसर चाकोटे. त्याचं शरीर सिकबेमध्ये बेशुद्ध पडलेलं आणि तो एकेकाच्या अंगात शिरून जहाज तो एलियन नेऊ बघत असलेल्या नेब्युलापासून (अवकाशातल्या ढगापासून) लांब ठेवायची धडपड करतोय, आणि सिक्युरिटी नेमकी त्यालाच अडवायच्या मागे. शेवटी तो जहाजावरच्या स्वयंपाक्याच्या, नीलिक्सच्या हातांनी स्वतःच्या बेडजवळच्या मेडिसिन व्हीलवरचे (त्याच्या लोकांच्या उपचाराच्या चक्रावरचे) दगड सरकवून ठेवतो, आणि जेनवेला ते बघून कळतं की हा बाहेर पडायचा नकाशा आहे.