करडांचे बाटलीवरचे संगोपन व दूध तोडणे

शेळीच्या पिलाला, म्हणजे करडाला, आईच्या कासेऐवजी बाटलीतून दूध पाजून वाढवणे आणि ते चाऱ्या-खुराकावर तगू लागले की दूध बंद करणे, अशी ही दोन टप्प्यांची पद्धत आहे. दूध बंद करण्याला पशुपालक ‘दूध तोडणे’ किंवा ‘आईपासून तोडणे’ म्हणतात.

महाराष्ट्रात बाटली बहुतेक वेळा अडचणीतून हातात येते. शेळी विताना मरते, तिला कासदाह होतो, पहिलारू शेळी करडाला जवळ घेत नाही, किंवा करडे तीन होतात आणि सड दोनच असतात. धाराशिव-लातूर भागातल्या उस्मानाबादी शेळीला जुळी सर्रास होतात, तिळीही होतात. तिळ्यांत सगळ्यात लहान करडू दोन दांडग्या भावंडांपुढे कासेपर्यंत पोचतच नाही. युरोपातल्या दुधाच्या शेळ्यांच्या गोठ्यांत मात्र हे रोजचे आहे. तिथे दूध विकायचे असल्याने करडे जन्मल्यावर लगेच आईपासून वेगळी करतात आणि निपल लावलेल्या बादल्यांवर किंवा यंत्रावर वाढवतात. आईच्या चिकातून व दुधातून पसरणारे रोग तोडण्यासाठीही हा उपाय करतात. शेळ्यांचा विषाणुजन्य संधिवात व मेंदूदाह हा त्यातला मुख्य रोग. नॉर्वेने २००१ पासून राबवलेल्या शेळी-आरोग्य मोहिमेत करडू जन्मताच उचलून वेगळ्या स्वच्छ जागेत वाढवणे हाच कणा होता.

बाटलीच्या आधी बोळा होता. फडक्याचा किंवा कापसाचा बोळा दुधात भिजवून तोंडात पिळायचा, असे माणसांची लेकरेही वाढत, आणि ‘बोळ्याने दूध पितो’ हा वाक्प्रचार तिथूनच आला. धनगरांच्या वाड्यावर त्याहून सोपी सोय असते. मेंढ्यांच्या कळपात चार शेळ्या असतातच. त्यांचे दूध घरच्या चहाला होते आणि पोरक्या कोकराला लावायलाही.

दुसरी शेळी मिळत असेल तर बाटलीपेक्षा तीच बरी. पण शेळी आपले पिलू वासाने ओळखते. ही ओळख व्याल्यानंतरच्या पहिल्या तासाभरात पक्की होते, मग परके करडू ती ढुशी देऊन हाकलते. म्हणून नुकत्याच व्यालेल्या शेळीच्या गर्भजलाने परके करडू पुसून घेतात आणि तिच्यापुढे ठेवतात. पहिले काही दिवस तिला धरून पाजावे लागते. जमले तर पुढची सगळी मेहनत वाचते.

चीक : बाटलीवरच्या करडाचे नशीब पहिल्या दिवशीच ठरते. शेळीच्या वारेतून (गर्भाला जोडलेल्या, व्याल्यानंतर बाहेर पडणाऱ्या आवरणातून) रोगप्रतिकारक द्रव्ये गर्भात उतरत नाहीत, त्यामुळे करडू जन्मते ते रोगांपुढे उघडेच. ही द्रव्ये त्याला चिकातून मिळतात, आणि आतड्याच्या भिंतीतून ती जशीच्या तशी आत शिरण्याची वाट काही तासच उघडी असते. पहिल्या सहा तासांत ती चांगली चालते, २४ तासांत बंद होते. दुसऱ्या दिवशी पाजलेला चीक पोषण देतो, कवच देत नाही. म्हणून पहिला चीक जन्मानंतर तासा-दोन तासांत पोटात गेला पाहिजे. ‘वार पडल्याशिवाय पाजू नये’ हा समज अजून ऐकू येतो. वार पडायला कित्येक तास लागू शकतात, आणि तोवर थांबण्याइतके नुकसान दुसऱ्या कशाने होत नाही.

प्रमाण वजनावर ठरते. एका वेळी किलोमागे सुमारे ५० मिली आणि २४ तासांत निदान वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चीक. दोन किलोच्या करडाला पहिल्या वेळी १०० मिली आणि दिवसभरात २०० ते ४०० मिली. आई मेली असेल तर त्याच दिवशी व्यालेल्या दुसऱ्या शेळीचा चीक चालतो, तोही नसेल तर गाईचा. मोठ्या गोठ्यांत जादा चीक लहान बाटल्यांत गोठवून ठेवतात. तो कोमट पाण्यात बाटली बुडवून वितळवायचा, शेगडीवर ठेवायचा नाही. जास्त तापला की फाटतो आणि त्यातली संरक्षक द्रव्येही जातात.

पाजण्याआधी करडाच्या तोंडात स्वच्छ बोट घालून पाहावे. आत ऊब असेल आणि करडू बोट ओढू लागले तर बाटली द्यावी. तोंड आतून गार लागले आणि जीभ हलत नसेल तर चीक तसाच थांबवावा. करडू आधी पोत्याने खसखसून पुसावे, उबदार कपड्यात गुंडाळावे, शेकावे, आणि मग पाजावे. गारठलेल्या करडाच्या पोटात दूध पचत नाही, नुसते साचते. गिळता न येणाऱ्याला तोंडात ओतले तर ते श्वासनलिकेत उतरते. अशा वेळी पशुवैद्यक नळीने पोटात चीक सोडतात. नाळ टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवणेही याच तासातले काम. चीक प्यायल्यावर पहिली काळपट चिकट विष्ठा पडते, मग पिवळी, डिंकासारखी. ती शेपटीखाली वाळून बसली तर वाटच बुजते, म्हणून पहिले तीन-चार दिवस शेपटी उचलून पाहायची आणि कोमट पाण्याच्या फडक्याने पुसायची सवय ठेवतात.

दूध व त्याचे माप : शेळीचे दूध सगळ्यांत चांगले, गाईचे चालते. म्हशीचे स्निग्धांशाने जड असते, ते एकदम सुरू केले की करडू पातळ हगू लागते. दुधाची भुकटी वापरायची तर ती कोकरा-करडांसाठी बनवलेली असावी आणि पाकिटावरच्या मापानेच कालवावी. एका दुधावरून दुसऱ्यावर जाताना तीन-चार दिवस मिसळून द्यावे.

साधारण नियम असा की दिवसाचे दूध वजनाच्या १५ टक्क्यांच्या आसपास. आठवड्याच्या अडीच किलो करडाला दिवसाला ३७५ मिली, तेही चार-पाच वेळा मिळून. म्हणजे एका वेळी चहाच्या कपाहून कमी. महिन्याच्या पाच किलो करडाला ७५० मिली, तीन वेळा मिळून. वजन आठवड्याला करून माप वाढवायचे. तागडी नसेल तर पिशवीत घालून हातकाट्याला टांगले तरी चालते.

आणि इथेच घरोघर चुकते. आईकडे करडू दिवसातून कित्येकदा जाते, दर वेळी दोन-चार घोट लुचते आणि शेळीच पाय उचलून चालू लागते. बाटली धरणारा माणूस चालू लागत नाही. करडू ओरडत राहते, शेपूट हलवत राहते, आणि आपण ‘आणखी थोडे’ म्हणत राहतो. करडाला पोट भरल्याचे पुरते कळत नाही. जादा दूध आतड्यात जाऊन सडते आणि हगवण लागते, पोट फुगते. क्वचित आठवड्याभराचे करडू चांगले पीत असतानाच अचानक मऊ पडते, मान टाकते. हा रक्तातल्या आम्लतेचा विकार आहे, त्यात दूध थांबवून लगेच डॉक्टर बोलवावा लागतो. कमी पाजलेले करडू रोडावते आणि दिसते. जादा पाजलेले सकाळी गुबगुबीत असते आणि संध्याकाळी आडवे, म्हणून ही चूक उशिरा लक्षात येते. पाजल्यावर कुशीत हात लावून पाहावे. पोट भरलेले लागावे, ढोलकीसारखे ताणलेले नसावे.

पाजण्याची रीत : थंड पेयाची प्लास्टिकची बाटली आणि बाळाचे रबरी निपल एवढ्यावर काम भागते. बाटलीच्या तोंडावर फिरकीने बसणारे लाल प्रिचार्ड निपल मिळाले तर जास्त सोयीचे. बाटली उलटी केली की दूध थेंबाथेंबाने गळावे, धार लागू नये. धार लागली की करडू ठसकते आणि दूध फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो.

दूध ३८ ते ४० अंश सेल्सियस, म्हणजे मनगटाला किंचित ऊन लागेल इतके. करडू चार पायांवर उभे, बाटली त्याच्या डोक्याच्या थोडी वर, मान कासेला लुचताना असते तशी. मांडीवर उताणे घेऊन पाजणे फोटोत गोड दिसते, पण दूध चुकीच्या वाटेला जाते. ही मानेची ठेवण नुसती हौस नाही. रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या पोटाला चार कप्पे असतात. करडू लुचते तेव्हा अन्ननलिकेच्या शेवटी असलेली एक खोबण मिटून नळी बनते आणि दूध पहिल्या कप्प्याला, म्हणजे कोटीपोटाला, वगळून सरळ चौथ्या, खऱ्या जठरात जाते. खोबण नीट मिटली नाही तर दूध कोटीपोटात पडते, तिथे आंबते, पोट फुगते. वाटीतून घटाघटा पाजलेल्या करडांमध्ये हे जास्त दिसते.

निपल तोंडात धरत नसेल तर डोळ्यांवर हात धरतात. आईच्या पोटाखाली अंधार असतो, तसा अंधार झाला की करडू शोधू लागते. शेपटीच्या मुळाशी खाजवले तरी उपयोग होतो, कारण आई पाजताना तिथेच हुंगते-चाटते. काही शेळ्यांच्या गळ्याला लोंबणारे दोन लोलक असतात. ते लुचून दूध मिळत नाही, यावरून संस्कृतात ‘अजागलस्तन’ हा निरुपयोगी गोष्टीचा दाखला झाला. बाटलीवरची करडे एकमेकांचे कान आणि बेंबी असेच लुचत बसतात. बेंबी लुचली तर तिथे संसर्ग होतो, तेव्हा पाजून झाल्यावर थोडा वेळ त्यांना वेगवेगळे ठेवतात. बाटली व निपल दर वेळी गरम पाण्याने धुवून उन्हात वाळवावे. निपलच्या घडीत राहिलेली दुधाची साय हेच हगवणीचे घर.

पोट घडणे : जन्मतः चौथे जठर सर्वांत मोठे असते आणि कोटीपोट लहान, झोपलेले. ते दुधाने वाढत नाही. कोरडा चारा आणि भरडा आंबून तयार होणारी आम्ले त्याच्या आतल्या अस्तराला जागे करतात. दोन आठवड्यांचे करडू पाला कुरतडू लागते, महिन्याच्या आसपास रवंथ दिसू लागते. तेव्हा दुसऱ्या आठवड्यापासून शेवरी, सुबाभूळ, हादगा, लसूणघास यांची जुडी करडांच्या तोंडाच्या उंचीवर टांगावी, जमिनीवर टाकू नये. लेंड्या-मुतात तुडवलेला पाला करडू खात नाही, आणि खाल्ला तर कॉक्सिडिया या हगवण लावणाऱ्या परजीवीचे जंतू पोटात घेते. सोबत थोडा भरडलेला मका आणि पेंडीचा खुराक, आईचे तोंड पोचणार नाही अशा आडोशाला. स्वच्छ पाणी पहिल्या आठवड्यापासूनच समोर असावे, दूध पिते म्हणून पाणी नको हा हिशोब चुकतो. पोट घडल्याची खूण विष्ठेतच मिळते. पिवळी लिबलिबीत विष्ठा जाऊन सुट्या, काळ्या, टणक लेंड्या पडू लागतात.

दूध तोडणे : आपल्याकडे साधारण तीन महिन्यांचे करडू तोडतात. उस्मानाबादी करडू तेव्हा ८ ते १० किलोच्या घरात असते. दुधाच्या गोठ्यांत आठ आठवड्यांनाही तोडतात. तारखेपेक्षा दोन गोष्टी पाहाव्यात. वजन जन्माच्या अडीच पटींच्या पुढे गेले आहे का, आणि करडू रोज न चुकता खुराक संपवते का. बाटलीच्या नादी लागलेले तीन महिन्यांचे करडू चाऱ्याला तोंड लावत नसेल तर ते अजून तोडण्याजोगे झालेले नाही, आणि त्याला दूध जास्त जात आहे हेच त्याचे कारण असते.

बाटली हळूहळू सुटते. आधी दुपारची, मग संध्याकाळची, शेवटी सकाळची, असे दोन आठवडे लावावेत. दुधात पाणी वाढवत नेण्याची पद्धतही आहे, पण पातळ दूध जठरात नीट गोठत नाही आणि करडाची बाटलीची सवय मात्र तशीच राहते. पाळ्या कमी करणे बरे.

आईखालचे करडू तोडण्याच्या जुन्या युक्त्या अनेक. शेळी चरायला सोडताना करडे डालग्याखाली डालून ठेवतात, शेळीच्या कासेला कापडी पिशवी बांधतात, सडांना शेण फासतात. पिशवी चांगली. शेण टाळावे, कारण दूध उतरलेल्या सडाच्या तोंडाशी घाण लावणे म्हणजे कासदाहाला बोलावणे. वेगळे करायचे तर करडे ओळखीच्या जागेत ठेवून शेळ्या हलवाव्यात. दोन-तीन दिवस दोन्हीकडून ओरडा होतो, मग थांबतो. शेळीचा खुराक त्या काळात कमी केला की कासही लवकर आटते.

तोडण्याचा आठवडा करडाला नाजूक असतो. वाढ खुंटते, आणि कॉक्सिडियामुळे होणारी रक्तमिश्रित हगवण याच सुमाराला डोके वर काढते. म्हणून त्याच आठवड्यात जागा बदलणे, खच्चीकरण, बाजार, लांबचा प्रवास असे दुसरे काही करू नये. आंत्रविषार (आतड्यात जंतूंचे विष तयार होणारा रोग) आणि पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा विषाणुजन्य रोग) यांच्या लसी तीन-चार महिन्यांच्या वयात येतात, त्या तोडण्याला आठवडाभर मागे-पुढे ठेवतात. दूध तुटल्यावर भूक भागवायला एकदम धान्य वाढवले तर आंत्रविषाराचा धोका वाढतो. पहिल्या पावसाच्या कोवळ्या गवतावर मोकळी सोडलेली करडे रात्रीत मरतात त्यामागेही बहुधा हाच रोग. तीन महिन्यांनंतर नर आणि पाठी (मादी करडे) वेगळ्या ठेवाव्यात, कारण चौथ्या महिन्यात काही नर माद्या गाभण करण्याजोगे झालेले असतात.

खर्चाचे गणित सोपे नाही. तोडेपर्यंत एका करडाला बरेच दूध लागते, शिवाय रोज चार वेळा हजर राहणारे माणूस. पोरक्या एका-दोन करडांसाठी ते परवडते. मांसासाठी शेळ्या पाळणाऱ्याने आख्खा कळप बाटलीवर नेण्यात काही अर्थ नाही.

बाटलीवरचे करडू माणसाळते, आणि त्याची किंमत पुढे मोजावी लागते. चरायला सोडले तर ते कळपामागे न जाता राखणाऱ्याच्या पायात घोटाळते, कुठला पाला खावा हे आईकडून शिकलेले नसते, संध्याकाळी मागे राहते. म्हणून ते तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासूनच इतर करडांत सोडून पाजायच्या वेळेपुरते बाहेर घेतात. नराच्या बाबतीत जास्त जपावे लागते. तीन किलोचा नर तळहाताला ढुशी देतो तेव्हा मुले हसून हात पुढे करतात. दोन वर्षांनी तोच ४० किलोचा बोकड त्याच माणसाला खेळगडी समजून मागून ढुशी देतो, आणि गुडघा निखळतो. जाणते पशुपालक बाटली देताना नराच्या कपाळाला हात लावत नाहीत.